गुडघ्याच्या पाण्यात बुरशी निघाली, तर बदललेला सांधा खरंच काढावा लागतो का?

तुमच्या आईंचा गुडघा बदलून नऊ महिने झालेत, सूज उतरत नाही, पाण्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, कॅन्डिडा ही बुरशी आलीय. एक डॉक्टर म्हणतात नमुन्यात बाहेरून मिसळला असेल, दुसरे म्हणतात सांधा काढा. मी डॉक्टर नाही, पण सोलापुरात माझ्या आईचं नेमकं हेच झालं.

आई पूर्व भागात विड्या वळायची. तीस वर्षं मांडी घालून, वर शुगर. ऑपरेशननंतर चार महिने छान गेले, मग गुडघा जड आणि कोमट राहायला लागला. ताप कधी ९९ च्या वर गेला नाही, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. बुरशी अशीच धुमसते. जिथं ऑपरेशन झालं तिथं अँटिबायोटिकचे कोर्स बदलत राहिले. मग टीबीचा संशय. आपल्याकडे चिवट सूज म्हटली की आधी तोच येतो.

तिसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा पाणी काढलं. टीबीची तपासणी लावलीच, शिवाय बुरशीचं वेगळं कल्चर मागितलं आणि लॅबला चार आठवडे वाट बघायला सांगितलं. पुन्हा कॅन्डिडाच. तुम्हीही आधी हेच करून घ्या. एका नमुन्यात घाण शिरू शकते. दोन वेगळ्या वेळच्या नमुन्यांत तीच बुरशी आली तर घाण म्हणून सोडता येत नाही.

तसं झालं तर सांधा वाचवायच्या भानगडीत पडू नका. धातू-प्लास्टिकवर बुरशी चिकट थर धरते, त्याच्या आत औषध धड पोचत नाही. आईची यासाठी दोन ऑपरेशनं झाली. पहिल्यात बदललेला सांधा, सिमेंट, सुजलेलं अस्तर सगळं काढलं, औषध कालवलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा, बसवला. तेव्हा पाच-सहा जागचे तुकडे तपासायला जातात. ते सगळेच फॉर्मॅलिनमध्ये (तुकडे टिकवायच्या रसायनात) टाकले तर कल्चर होत नाही, हे आधीच बोलून ठेवा. नवा सांधा काही महिन्यांनी, दुसऱ्या ऑपरेशनात. मधला काळ वॉकरवर. घरच्यांचा खरा कस तिथंच लागतो. ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही, त्यांना सांधा तसाच ठेवून दीर्घकाळ गोळी देतात.

गोळी म्हणजे बहुतेकदा फ्लुकोनाझोल, किमान सहा आठवडे. आमची त्याहून बरीच लांबली. लिव्हरच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. आणि आईंना शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. फ्लुकोनाझोलमुळे तिचा जोर वाढतो. आमची आई एका रात्री घामानं डबडबली, बोलणं अडखळलं. साखरपाणी पाजून दवाखाना गाठला.

रिपोर्टवर नुसतं 'कॅन्डिडा' लिहिलंय का, तेही बघा. पुढचा प्रकार कळायला हवा, कारण क्रुसेई निघाला तर फ्लुकोनाझोल चालतच नाही. नसेल लिहिलं तर आजच लॅबला फोन करा. बुरशी वाढवलेली प्लेट त्यांनी टाकून दिली तर आईंना पुन्हा सुई.