२०१४ च्या लॅपटॉपला कोणती एसएसडी बसवावी?

तुमचा प्रश्न असा: २०१४ साली घेतलेला लॅपटॉप, आय-थ्री ४००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतोय, सेकंदाला ३५०० एमबी वेगाची एनव्हीएमई एसएसडी घ्या (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह, एनव्हीएमई हा तिचा वेगवान प्रकार), कन्व्हर्टर लावून बसवून देतो. घ्यावी का?

नका घेऊ. तुमच्या हार्ड डिस्कच्या जागी ती चालणारच नाही. तिथे साटा नावाची जोडणी आहे आणि एनव्हीएमई ड्राइव्ह पीसीआय एक्सप्रेस या वेगळ्या जोडणीवर चालते. बाजारात जो एम.२ चा, म्हणजे पट्टीच्या आकाराच्या ड्राइव्हचा, साटा कन्व्हर्टर मिळतो, तो साटा प्रकारच्या एम.२ ड्राइव्हसाठी असतो. साटा आणि एनव्हीएमई, दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच, त्यामुळे दुकानातही गल्लत होते. तुम्हाला हवी आहे साधी अडीच इंची साटा एसएसडी.

तिचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास. कुठे ५५० आणि कुठे ३५००, असं वाटेल, पण तुमचा लॅपटॉप अडतो तो या आकड्यापायी नाही. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत थांबायचं, त्याआधी सुई योग्य रिंगणावर न्यायची, असं करत दर वाचनाला १५ मिलिसेकंद तरी जातात. म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर वाचनं. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून वाचल्या जातात. टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल आणि वेग मात्र एक-दोन एमबी दिसत असेल. एसएसडीला तेच वाचन ०.१ मिलिसेकंदात जमतं. तुम्हाला जाणवणार आहे तो हा फरक, आणि तो साध्या साटा ड्राइव्हनेही पुरेपूर मिळतो.

माझ्या मामांच्या दुकानातला संगणक जुन्या एच६१ चिपसेटचा. त्यावर साटाची वेगवान आवृत्ती, साटा ३, नाहीच, सगळी पोर्ट आधीच्या साटा २ ची, म्हणजे वेग फार तर सेकंदाला २७० एमबी. तरीही एसएसडी बसवल्यावर शटर उघडून उदबत्ती लावेपर्यंत टॅली उघडलेलं असायचं.

पण तिथेच मी मोठी चूक केली होती. स्वस्त मिळाली म्हणून कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची ड्राइव्ह घेतली. सातव्या महिन्यात एका सकाळी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तिचं नावच येईना. हार्ड डिस्क बिघडताना बरेचदा आधी खडखड करते, संथ होते; या ड्राइव्हने कसलीच सूचना दिली नाही. पेनड्राइव्हवरचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा होता. त्या तीन आठवड्यांची बिलं मामी कार्बन कॉपीवरून वाचत होती आणि मी चढवत होतो, दोन रात्री. तेव्हापासून मी कुणालाही अनोळखी कंपनीची ड्राइव्ह घेऊ देत नाही.

आता निवड. सॅमसंग ८७० इव्हो किंवा क्रूशियल एमएक्स५०० मिळत असेल तर ती घ्या. दोन्हींत टीएलसी चिप (साठवणीच्या चिपचा एक प्रकार) आहेत, स्वतःची डीरॅम, म्हणजे ड्राइव्हच्या आतली छोटी वेगवान मेमरी आहे आणि वॉरंटी पाच वर्षांची. बजेट कमी असेल तर क्रूशियल बीएक्स५०० किंवा किंग्स्टन ए४००. यांत डीरॅम नाही, वॉरंटी तीन वर्षांची. मोठ्या फाइली कॉपी करताना त्या मंदावतात, पण ब्राउझर, वर्ड, मुलांचा अभ्यास यासाठी ठीक. लिहून लिहून ड्राइव्ह झिजेल ही भीती सोडा. ५०० जीबीच्या ८७० इव्होची लेखनमर्यादा ३०० टीबी, म्हणजे तीन लाख जीबी आहे. रोज २० जीबी लिहिलंत तरी ४० वर्षं लागतील. त्यापेक्षा पक्कं बिल घ्या आणि ते जपून ठेवा. साइज ठरवताना आत्ता किती जागा भरली आहे ते बघा आणि पाचवा हिस्सा मोकळा राहील अशी घ्या.

थोडे पैसे रॅमसाठी राखून ठेवा. ४ जीबी आता अपुरीच पडते. तुमच्या प्रोसेसरला डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम लागते; साधी डीडीआर३ आणू नका.

बदलण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ (धोक्याचा इशारा) दिसलं तर आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, क्लोनच्या, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरवण्याच्या, नादी लागू नका. एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते, जुनी डिस्क बहुधा ९.५ ची. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट नव्या ड्राइव्हला लावा, म्हणजे ती हलणार नाही. बायोसमध्ये साटा मोड या सेटिंगसमोर ‘एएचसीआय’ आहे ना, तेही बघा.

आणि विंडोज. तुमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर लागत नसेल तर नव्या ड्राइव्हवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे.

लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल नंबर इथे लिहा. रॅमचे स्लॉट एक आहे की दोन, ते बघून सांगतो.