गटारीला शेतावर जाऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझा निरोप वाचला. दारू सोडल्यावर भूक लागायला लागली, हातांची थरथर थांबली, पगार पहिल्यांदा सगळाच्या सगळा घरी गेला, हे वाचून डोळे भरून आले. शेवटची ओळ मात्र डोक्यातून जाईना: ‘गटारीला शॉपमधली पोरं शेतावर बसणार आहेत, मी नुसतं मटण खाऊन परत येईन.’

जाऊ नकोस. मटणच खायचं असेल तर त्या रात्री आमच्याकडे ये, काकू करतील. त्याआधी दारू सोडणाऱ्यांची सातची मीटिंग आपण दोघं मिळून करू.

विड्रॉल, म्हणजे दारू थांबवल्यावर शरीराला होणारा त्रास, सरला म्हणजे आजार सरला, असं होत नाही. शरीर आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतं. झोपमोड, चिडचिड, कशातच मन न लागणं हे काही महिने पुरतं. या दिवसांत ग्लासांचा आवाज, चकण्याचा वास, जुनी टोळी, यांतलं काहीही तलफ उठवायला पुरेसं असतं. ती उठली की आदल्या रात्रीचा निश्चय आठवत नाही. पण ती टिकतही नाही. बहुतेक वेळा वीस मिनिटं, अर्धा तास. तेवढा वेळ तिथून उठायचं, काहीतरी पोटभर खायचं आणि आपल्या माणसाला फोन लावायचा. उपाशी पोट, तापलेलं डोकं, एकटेपणा, थकवा, यांच्या पाठोपाठ स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं, येताना मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून शिफ्ट सुटल्यावर उपाशीपोटी त्या चौकातून घरी येणं सोड. डब्यात दोन पोळ्या जास्त ने आणि रस्ता बदल.

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रन शहरातल्या एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, ज्या कामासाठी आला ते फिसकटलेलं, आणि शेजारच्या बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. त्याने लॉबीतला फोन गाठला आणि चर्चच्या यादीतले नंबर लावत राहिला, आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी बोलता यावं म्हणून. त्यातूनच डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचं मंडळ उभं राहिलं. निश्चय बिलकडेही होता. बारमध्ये बसून तो तपासून पाहायला तो गेला नाही, हे मला त्या साऱ्या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं.

गटारीनंतर श्रावण लागेल. श्रद्धेने श्रावण पाळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण आपल्यासारख्यांना हा महिना फसवतो. महिनाभर न प्यालेला माणूस म्हणतो, ‘बघा, मी मनात आणलं की सोडतो,’ आणि श्रावण सुटला की त्याच भरवशावर पुन्हा बसतो. तुझा श्रावण सुटणार नाहीये. पोरांना लांबलचक कारणं देत बसू नकोस. ‘डॉक्टरांचं औषध चालू आहे, जमणार नाही,’ एवढं पुरे. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर हे अक्षरशः खरं आहे. तिच्यावर दारू घेणं जिवावर बेतू शकतं. खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, कित्येकांत अल्कोहोल असतं.

आई अजून तुझ्या शर्टाचा वास घेते, असं तू रागाने लिहिलंयस. घेऊ दे रे. किती रात्री तिने दाराची कडी वाजायची वाट पाहिलीय. तू बदललास हे तुला आतून कळतं, तिला ते रोज बाहेरून बघूनच कळणार, आणि त्याला वेळ लागेल. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या मीटिंगा असतात, तिथे तिला एकदा घेऊन जा. तिलाही मन मोकळं करायला माणसं हवीत.

आणि एवढं करूनही घसरलास, तर लपवू नकोस. डॉ. बॉबसुद्धा बिलला भेटल्यानंतर एकदा घसरले होते. १० जून १९३५ नंतर मात्र त्यांनी दारूला हात लावला नाही. तू घसरलास तर त्याच दिवशी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. सलग काही दिवस पिणं झालं असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नकोस. फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास सुरू होऊ शकतात. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा. माझा फोन लागला नाही तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर आजच आईच्या फोनमध्येही घालून ठेव.

तुझा,
काका