मोटरसायकल सोडून मोठी स्कूटर घेऊ का?

प्रश्न : मी 44 वर्षांचा, धायरीत राहतो, नोकरी हिंजवडी फेज 2 ला. जाऊन-येऊन रोज 45-46 किलोमीटर होतात. पल्सर 150 गेली 11 वर्षं वापरतोय, गाडीची तक्रार काहीच नाही, पण हिंजवडीजवळच्या भूमकर चौकात हाफ क्लचवर सरकत सरकत गेलं की डावं मनगट आणि अंगठा रात्रीपर्यंत ठणकतात. महिन्यातून एकदा वाईला आई-वडिलांकडे जातो तेही गाडीवरच. आता यामाहा एरॉक्स नाहीतर सुझुकी बर्गमन घ्यावी असं डोक्यात आहे. मित्र म्हणतात एवढी वर्षं बाइक चालवून आता बायकांची गाडी घेणार का. शिवाय स्कूटर हायवेला हलते, खड्ड्यात आपटते असंही ऐकलंय. काय करू?
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : मित्रांचं म्हणणं आधी बाजूला ठेवू. अहो, याच पुण्यात आकुर्डीला बनलेल्या चेतक स्कूटरवर एका अख्ख्या पिढीच्या बाप्यांनी नोकऱ्या केल्या, पुढे पोरगं उभं, मागे बायको आणि तिच्या मांडीवर धाकटं, तेव्हा ती कुणाला बायकांची गाडी वाटली नाही. मनगट तुमचं ठणकतंय, मित्रांचं नाही. या कारणासाठी स्कूटर घ्या असंच मी म्हणेन. मी स्वतः 16 वर्षं बाइक चालवून एरॉक्सवर आलो आणि माझा डावा हात महिन्याभरात शांत झाला.

आता कुठली घ्यायची. "मोठी" म्हणतो आपण, पण वजनाला या गाड्या तुमच्या पल्सरपेक्षा हलक्याच आहेत, एरॉक्स 126 किलो आणि बर्गमन 110 च्या आसपास, फक्त पुढचा अंगाबांधा भरल्यासारखा दिसतो. खरा फरक चाकांत आहे. पल्सरची चाकं 17 इंची, एरॉक्सची 14, आणि बर्गमनला पुढे 12 नि मागे 10 (ईएक्स मॉडेल घेतलं तर मागेही 12). चाक जेवढं लहान तेवढं खड्ड्यात जास्त उतरतं, हे साधं गणित आहे. शिवाय स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबरच वर-खाली होतं, त्यामुळे मागचा दणका जरा जास्तच लागतो, आणि बाइकवर खड्डा आला की आपण फूटरेस्टवर जोर देऊन बूड उचलतो ना, ते इथे जमत नाही कारण पाय पुढे असतात. दणका थेट कमरेला. मनगटाबरोबर कंबरही दुखत असेल तर शोरूमच्या गल्लीतली टेस्ट राइड पुरेशी नाही, कुणा ओळखीच्याची गाडी मागून घ्या आणि एकदा हिंजवडीपर्यंत जाऊन या.

तुमचा रस्ता बायपासचा आहे, वारज्याच्या पुढे सगळे 70-80 नी पळत असतात आणि वाईला जायचं तर हायवेच. म्हणून मी एरॉक्सच सांगेन. 155 सीसी, 15 पीएस (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप), म्हणजे पल्सरएवढी ताकद आहेच, त्यात पुढच्या चाकाला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. बर्गमन 125 फार आरामाची गाडी आहे, फ्लोअरबोर्ड सपाट असल्यामुळे गिरणीतलं दळण, भाजीची पिशवी सगळं पायाशी मावतं (एरॉक्सच्या मधे कणा आहे, तिथे काही ठेवता येत नाही, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा), पण 8.7 पीएसमध्ये वाईच्या वाटेवरचा खंबाटकी घाट डबलसीट चढताना ट्रकला ओव्हरटेक करायचा म्हणजे जीव टांगणीला लागतो. ऑफिस कोथरूडला असतं तर मी डोळे झाकून बर्गमन म्हटलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक, हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाइकवर डाव्या हाताला क्लच आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक आणि पायाला काहीच नाही. 11 वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. पहिल्या आठवड्यात पावसात सिग्नलला थांबताना मी क्लच समजून डावा लिव्हर पूर्ण आवळला, मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी सरकली, मागे कुणी नव्हतं म्हणून वाचलो. एरॉक्सला मागे ड्रम ब्रेक आहे आणि एबीएस फक्त पुढे, मागचं चाक तुम्हालाच सांभाळायचंय. तेव्हा पहिले दोन रविवार सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या रस्त्यावर जा आणि 40 वरून दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाब वाढवत लावायची सवय करा, उजवा पाय फ्लोअरबोर्डावर दाबायचा थांबेपर्यंत करा. गर्दीत यू टर्न घेताना हाफ क्लच नाही म्हणून गाडी गचके देईल, तिथे थ्रॉटल किंचित चालू ठेवून मागचा ब्रेक हलका धरायचा.

दुसरं म्हणजे उतार. स्कूटरला गिअर खाली टाकून वेग आवरता येत नाही. थ्रॉटल सोडला तर थोडी ओढून धरते पण बाइकइतकी नाही, आणि वेग अगदी कमी झाला की आतला आपोआप चालणारा क्लच सुटतो मग गाडी मोकळीच घरंगळते. वाईहून परत येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिथे ब्रेक न लागलेल्या ट्रकांनी किती घरं उद्ध्वस्त केलीत. बोगद्याच्या तोंडाशीच वेग कमी करा, ब्रेक सतत घासत ठेवू नका, लावा-सोडा करत उतरा, आणि जड गाडीच्या पुढे कधीही राहू नका.

एरॉक्सची पेट्रोलची टाकी साडेपाच लिटरची आहे हेही लक्षात घ्या, पल्सरची 15 ची. तुमच्या रोजच्या रनिंगला चार दिवसांनी पंपावर जावं लागेल. पावसात मात्र सुख आहे, पुढच्या एप्रनमुळे गुडघ्याखाली चिखल कमी उडतो.

पल्सर लगेच विकू नका. एक पावसाळा दोन्ही ठेवा.

प्रश्न : बाइक विकून 125 सीसीची स्कूटर घेतली, 23 हजार किलोमीटर झाले. चेन नाही म्हणून मेंटेनन्स नाही असं वाटलेलं, पण आता सिग्नलवरून उचलताना गाडी थरथरते. आणि माझं लायसन्स गिअरच्या गाडीचं आहे, ते चालेल ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लायसन्स चालतं, गिअरवाल्यावर बिनगिअरची चालवता येते. थरथर बहुतेक क्लच शूची, म्हणजे आतल्या आपोआप चालणाऱ्या क्लचच्या घासणाऱ्या पट्ट्यांची आहे, त्यावर धूळ बसून ते चकचकीत होतात. डाव्या बाजूचं कव्हर उघडून घेतलंत की चेनऐवजी असतो तो बेल्ट आणि त्याच्या पुलीतले रोलरही बघायला सांगा, बेल्टला चिरा गेल्या असतील किंवा रोलर एका बाजूने चपटे झाले असतील तर आत्ताच बदला. बेल्ट तुटला की गाडी जागच्या जागी थांबते, ढकलत न्यावी लागते. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं तर त्यातून गाडी घालू नका, बेल्टच्या खोक्यात पाणी गेलं की बेल्ट घसरायला लागतो.