संगणक-शंका : ‘जावा’ चालते, ‘जावासी’ चालत नाही

प्रश्न : माझी मुलगी मुंबईतच अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून विंडोज १० असलेला सेकंडहँड लॅपटॉप घेतला. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, ‘जावा’ (याच नावाच्या प्रोग्रामिंग भाषेची कमांड) लिहिले की माहिती उमटते, पण ‘जावासी’ लिहिले की ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ असा संदेश येतो. घराजवळच्या दुरुस्तीवाल्याचे म्हणणे असे की विंडोज बिघडले आहे, फॉरमॅट मारावा लागेल. मारावा का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : मुळीच मारू नये. विंडोज बिघडल्याचे या संदेशावरून काहीच सिद्ध होत नाही. तुम्ही लिहिलेल्या नावाचा प्रोग्राम ठरलेल्या जागी शोधला आणि तो मिळाला नाही, एवढेच तो सांगतो.

या ठरलेल्या जागा कोणत्या, ते कळले की अर्धे काम होते. ‘डीआयआर’, ‘सीडी’, ‘कॉपी’ यांसारख्या मोजक्या कमांड कमांड प्रॉम्प्टच्या पोटातच असतात, त्या अंतर्गत. बाकी प्रत्येक कमांड म्हणजे डिस्कवरची एक स्वतंत्र फाइल असते आणि ती आधी चालू फोल्डरमध्ये, मग ‘पाथ’ नावाच्या सेटिंगमध्ये नोंदवलेल्या फोल्डरांत क्रमाने शोधली जाते. संपूर्ण डिस्क कधीच धुंडाळली जात नाही. त्यामुळे फाइल डिस्कवर असूनही तिचे फोल्डर त्या यादीत नसेल, फाइल मुळातच नसेल, किंवा स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर चुकले असेल, तरी तिन्ही वेळा संदेश अक्षरशः तोच येतो.

म्हणून स्पेलिंग तपासून झाले की पाथला हात लावण्यापूर्वी फाइल आहे का, ते पाहावे. सी ड्राइव्हमधील प्रोग्राम फाइल्स आणि त्यातील जावा हे फोल्डर उघडा. तेथे केवळ ‘जेआरई’ने सुरू होणारे फोल्डर असेल, तर त्या लॅपटॉपवर तयार जावा प्रोग्राम चालवण्यापुरतीच सोय आहे, प्रोग्राम कंपाइल करणारी, म्हणजे लिहिलेला कोड चालवता येईल अशा रूपात बदलणारी, जावासी ही फाइल त्यात नसतेच आणि जेडीके (जावात प्रोग्राम तयार करण्याचा पूर्ण संच) इन्स्टॉल केल्याशिवाय ती येणार नाही. जेडीकेचे फोल्डर असेल, तर त्यातील ‘बिन’ उघडून जावासी दिसते का पाहा आणि दिसल्यास वरच्या ॲड्रेस बारमधील पत्ता कॉपी करा.

आता स्टार्ट मेनूत ‘एन्व्हायर्नमेंट’ शोधून तुमच्या अकाउंटचे व्हेरिएबल्स बदलण्याचा पर्याय उघडा, ‘पाथ’ निवडून ‘एडिट’ आणि मग ‘न्यू’ दाबा, पत्ता पेस्ट करा आणि उघडलेल्या प्रत्येक चौकटीत ‘ओके’ म्हणा. पत्ता बिन फोल्डरपर्यंतचाच हवा. त्यापुढे जावासी फाइलचे नाव जोडले, तर नोंद निरुपयोगी ठरते. कमांड प्रॉम्प्टची आधीपासून उघडी असलेली खिडकी बंद करून नवी उघडायला विसरू नका, कारण प्रत्येक खिडकी ही यादी उघडताना एकदाच वाचते. ‘सगळे केले तरी तेच’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण येथेच अडकलेले असतात.

नव्या खिडकीत ‘व्हेअर जावासी’ लिहिल्यावर फाइलचा पूर्ण पत्ता उमटला की काम फत्ते. तरी ‘व्हेअर जावा’ हेही लिहून पाहा, कारण सेकंडहँड लॅपटॉपवर आधीच्या मालकाची जुनी जावा राहिलेली असू शकते. दोन पत्ते आले, तर वरचा चालतो, आणि सिस्टिमची पाथ यादी तुमच्या अकाउंटच्या यादीआधी वाचली जात असल्याने वरचा पत्ता जुन्या जावाचा असण्याचा संभव अधिक. मग नव्या जावासीने कंपाइल केलेला प्रोग्राम जुनी जावा चालवत नाही आणि मुलीला वाटते, आपलाच कोड चुकला. सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून जुनी जावा काढून टाकणे हा सर्वांत सरळ उपाय.

अशी सेटिंग टाइप करून बदलणारी, व्हिडिओंत सर्रास दाखवली जाणारी ‘सेटएक्स’ ही कमांड पाथसाठी मात्र वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते आणि पाथची यादी त्याहून सहज मोठी असू शकते.

प्रश्न : पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसाठी सिस्टिम व्हेरिएबल्समधील पाथची जुनी नोंद पुसून नवी लिहिली. आता ‘डीआयआर’ चालते, पण ‘पिंग’ आणि ‘आयपीकॉन्फिग’ या नेटवर्क तपासण्याच्या कमांडसुद्धा ओळखल्या जात नाहीत.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : डीआयआर अंतर्गत असल्याने वाचली. पिंग आणि आयपीकॉन्फिग यांच्या फाइल विंडोज फोल्डरातील सिस्टिम३२ मध्ये जागच्या जागी आहेत. पुसली गेली आहे ती केवळ तिकडची वाट. ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटवरून सिस्टिम व्हेरिएबल्समधील पाथ उघडा आणि सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डर, त्यातील सिस्टिम३२, सिस्टिम३२ मधील डब्ल्यूबेम (Wbem), तसेच सिस्टिम३२ मधीलच विंडोजपॉवरशेल (WindowsPowerShell, मध्ये जागा न सोडता) फोल्डरातील ‘व्ही१.०’ असे चार पत्ते वेगवेगळ्या ओळींत पुन्हा भरा. पायथॉनची ओळ त्यांच्याखाली राहू द्या. इतर सॉफ्टवेअरच्या ज्या नोंदी गेल्या असतील, त्या ते ते सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल केल्यावर बहुधा परत येतील.