वाघोलीच्या सोसायटीत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरला ७८० मिलिग्रॅम येतो. सॉफ्टनर बसवावा की सगळ्यांसाठी मोठा आरओ?

८० फ्लॅट, बोअर आणि टँकरचं पाणी, नळांवर पांढरे थर, गिझरची कॉइल वर्षभरात गेली, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: आंघोळ-कपड्यांच्या लाइनला सॉफ्टनर आणि पिण्यापुरता घरोघरी छोटा आरओ (पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारं यंत्र). मात्र कोटेशन मागवण्याआधी पाण्याचा जडपणा मोजा. ७८० हा जडपणा नव्हे.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. थर धरतात ते कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि त्यांचं प्रमाण म्हणजेच जडपणा. सॉफ्टनर ते काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे सॉफ्टनरनंतरही टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. हे माहीत नसलं की "मशीन चालतच नाही" म्हणून समितीत वाद होतात.

जडपणा मोजायला थेंबांचं किट मिळतं. नमुन्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. प्रत्येक बोअर आणि प्रत्येक टँकरवाल्याचं पाणी वेगवेगळं तपासा. टाकीतल्या मिश्रणाचा आकडा रोज बदलतो. एकदा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून पूर्ण तपासणीही करून घ्या. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सूट नाही. ते जास्त आलं तर बोअरमध्ये सांडपाणी मुरतंय का, ते आधी शोधा. उकळून नायट्रेट जात नाही.

आता हिशोब. जडपणा ५०० आला असं धरू. माणशी १३५ लिटर, घरी ४ माणसं, म्हणजे ८० फ्लॅटना दिवसाला ४३,२०० लिटर. त्यात २१.६ किलो जडपणा. सॉफ्टनरमधलं एक लिटर रेझिन (जडपणा धरणारे बारीक मणी) सुमारे ५० ग्रॅम जडपणा धरतं, म्हणजे रोज एक रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं) धरलं तरी ४३२ लिटर रेझिन. लिटरमागे १२० ग्रॅम मीठ धरा, रोज ५२ किलो! एवढं मीठ कोणी ओतणार नाही, आणि मशीन महिन्याभरात शोभेचं होईल.

म्हणून दोन कपाती करा. फ्लशची लाइन वेगळी असेल तर तिला सॉफ्टनर नको. माणशी ४५ लिटर वाचतात. उरलेल्यातलं चौथा हिस्सा पाणी बायपासने, म्हणजे सॉफ्टनरला वळसा घालून, कच्चंच मिसळा. जडपणा १२५ च्या आसपास राहतो, तेवढ्यात साबणाला फेस येतो आणि थरही फारसे बसत नाहीत. आता रेझिन २१६ लिटर आणि मीठ रोज २६ किलो, म्हणजे बरोबर निम्मं. कोटेशन देणाऱ्याकडून हा हिशोब लेखी मागा. तो न देणाऱ्याला मशीन लावू देऊ नका.

बिघाड बहुतेक वेळा हाताळणीत होतो. टँकरचा गाळ रेझिनवर बसतो, म्हणून आधी सँड फिल्टर हवाच, आणि लोह असेल तर त्याचा वेगळा फिल्टर. टँकरमध्ये क्लोरीन ढोसलेलं असेल तर रेझिन लवकर झिजतं. मिठाचं पाणी साधारण १० टक्के तीव्रतेचं, सावकाश, २० ते ३० मिनिटं सोडायचं. घाईत सोडलं तर मीठ वाया जातं आणि रेझिन अर्धंच ताजं होतं. मग खारट चव जाईपर्यंत धुवायचं. व्हॉल्व्ह चुकीच्या खुणेवर राहिला तर ते खारं पाणी थेट टाकीत जातं. म्हणून पंप बघणाऱ्या माणसाला किट द्या, आणि रोज सकाळी सॉफ्टनरनंतरचा आकडा वहीत लिहायला सांगा. धुण्याचं खारं पाणी बागेत सोडू नका, माती बिघडते. एसटीपीत (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) किती सोडता येईल ते तिथल्या ऑपरेटरशी बोलून ठरवा.

चुंबकाची किंवा पाइपभोवती वायर गुंडाळायची यंत्रं जडपणा काढत नाहीत. विक्रेत्यासमोरच आधी आणि नंतरचे थेंब मोजा.

स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरवर घेऊ नका. १०० जडपणा काढताना लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. वरच्या हिशोबात ५०० चं १२५ केलं, म्हणजे ३७५ काढल्यावर ही वाढ १७२ होईल. रक्तदाबासाठी मीठ कमी करणाऱ्यांच्या घरी हे महत्त्वाचं. सगळ्या सोसायटीला आरओ लावला तर बरंच पाणी फेकावं लागतं, आणि टँकर विकत घेणाऱ्यांना ते परवडणार नाही. घरच्या आरओचं फेकलं जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.

तोवर गिझर ५० ते ५५ अंशांवर ठेवा. ६० च्या वर थर झपाट्याने बसतो. आणि तुरीची डाळ शिजत नसेल तर तेवढी आरओच्या पाण्यात शिजवा. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन कडक धरून ठेवतं.