ट्रेनिंग प्रोग्रामचा फॉर्म सापडतच नाही

प्रश्न: ताई, मी कोल्हापुरात जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करतेय. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींच्या साईटवर ‘जेनेटिक्स ट्रेनिंग प्रोग्राम’ दिसतो, पैसे एनआयएच (अमेरिकन सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) देतं असं लिहिलेलं असतं, पण फॉर्म कुठेच नाही. एक कन्सल्टंट म्हणतो मी करून देतो, पंचवीस हजार द्या. न्यू जर्सीत जन्मलेल्या माझ्या मावसबहिणीलाही हेच करायचंय. काय करू?

उत्तर: आधी त्या कन्सल्टंटला नाही म्हणून टाक. फॉर्म सापडत नाही कारण बाहेरच्यांसाठी तो नसतोच. टी३२ नावाचं हे ग्रँट युनिव्हर्सिटीला मिळतं, त्यात मोजक्या जागा असतात आणि त्या आधीच पीएचडीला असलेल्या मुलांमधून भरतात, म्हणजे आधी पीएचडीची अ‍ॅडमिशन, मग पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन, एकेक साधारण आठ-दहा आठवड्यांचं, त्यातून गाईड ठरतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतर गाईडच नाव सुचवतो, काही ठिकाणी पहिल्याच वर्षी घेतात. निवड झाली की स्टायपेंड, जोडीला स्टॅटिस्टिक्स, सेमिनार, आणि रिसर्च एथिक्सचं ट्रेनिंग तर सक्तीचंच.

आता जे ऐकून वाईट वाटेल ते. या ग्रँटवर फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले घेता येतात. स्टुडंट व्हिसावर नाही, मार्क कितीही असोत. हे मुलींना आधीच कुणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

पण म्हणून पीएचडी सोडू नकोस गं. बायोलॉजीच्या पीएचडीला तिकडे बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि स्टायपेंडही मिळतो, पहिलं वर्ष डिपार्टमेंट देतं, पुढे गाईडच्या रिसर्च ग्रँटमधून. फॉर्म बहुतेक डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, इंटरव्ह्यू जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ऑफर आली की बरेच जण १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ देतात. इंटरव्ह्यूत न लाजता विचार की इंटरनॅशनल मुलांचा पाच वर्षांचा खर्च कुठून येतो, आणि टी३२वर नसलेल्यांना ते कोर्स, सेमिनार करता येतात का. कितीतरी ठिकाणी बसू देतात. अर्जासोबत स्वतःबद्दल जे स्टेटमेंट लिहायचं असतं त्यात लहानपणापासूनची आवड वगैरे नको, तुझ्या डिझर्टेशनमधला कुठला प्रयोग फसला, का फसला आणि मग तू काय बदललंस ते लिही.

मावसबहीण मात्र जन्मानेच नागरिक, तिला हा रस्ता मोकळा आहे. तिला सांग, रोटेशनसाठी लॅब निवडतानाच तिथला गाईड त्या ग्रँटच्या यादीत आहे का ते बघ, नसेल तर नाव पुढे जाणं अवघड होतं.