आईवडिलांना राहतं घर सोडायचं नाही, पण पेन्शनही नाही. रिव्हर्स मॉर्गेज घेतलं, म्हणजे घर बँकेकडे गहाण ठेवून तिथेच राहत दरमहा पैसे घेतले, तर त्या पैशावर आयकर लागेल का?

नाही, लागत नाही. बँक दरमहा देते ते उत्पन्न नसून कर्ज आहे, आणि 2008 साली आयकर कायद्यात कलम 10(43) घालून ते स्पष्टपणे करमुक्त केलं. घर बँकेकडे गहाण ठेवणं म्हणजे 'विक्री' नव्हे, हेही कायद्यात लिहिलंय, त्यामुळे त्या वेळी भांडवली नफ्याचा, म्हणजे मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरचा, करही नाही. तो प्रश्न पुढे कधी घर प्रत्यक्ष विकलं गेलं तरच येतो.

अट वयाची: 60 पूर्ण हवीत, नवराबायको मिळून घेत असतील तर दुसऱ्याचं वय 55 चालतं. घर स्वतः घेतलेलं आणि स्वतः राहत असलेलं हवं. दोघांपैकी एक जण जरी त्या घरात राहत असेल तोवर कर्ज फेडावं लागत नाही. नंतर मुलांनी व्याजासकट रक्कम भरली की घर त्यांचं.

मात्र घरपट्टी, विमा, डागडुजी तुमच्याच आईवडिलांकडे राहते. माझ्या आत्याने घरपट्टीची बिलं देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती, दोन वर्षांची न भरलेली. बँकेने पहिल्याच भेटीत तीच मागितली. तेव्हा आधी ती थकबाकी मिटवा. आणि भावंडांना आत्ताच समोर बसवून सांगा, मनापासून सांगते. आत्या आज 81 वर्षांची आहे, त्याच गॅलरीत तुळशीला पाणी घालते.